खलनायक कड्यावरून पडला नसता तर? अ‍ॅनिमेशनपट पाहताना मुलांशी सूड आणि न्यायावर कसं बोलावं

कुटुंबासाठी बनवलेल्या अ‍ॅनिमेशनपटांत एक प्रसंग इतक्या वेळा येतो की तो डोळ्यांत भरतच नाही. खलनायक नायकाच्या तावडीत सापडतो. नायक त्याला मारायचं नाकारतो. खलनायक मागून वार करायला जातो आणि स्वतःच्याच खोडीने खाली पडतो. १९३७च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये वीज कोसळून दुष्ट राणीच्या पायाखालचा कडा तुटतो. १९९१च्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये बीस्ट गॅस्टनला जीवदान देतो, गॅस्टन मागून सुरा खुपसतो आणि तोल जाऊन दरीत जातो. नायकाचे हात स्वच्छ राहतात आणि बघणाऱ्याचा रागही निवतो. सिनेमा तोंडाने ‘सूड वाईट’ म्हणतो आणि त्याच मिनिटाला सूड उगवल्याचं समाधान देऊन मोकळा होतो. मुलांच्या मनात जास्त पक्कं बसतं ते हे दुसरं.

त्याला कारण आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९३२च्या पुस्तकात मुलांच्या नैतिक विचारावरची निरीक्षणं मांडली. त्यांनी मुलांना एक गोष्ट सांगितली होती: एका मुलाने सफरचंदं चोरली, पळताना तो एका कुजक्या पुलावरून गेला आणि पूल मोडून पाण्यात पडला; चोरी केली नसती तर पडला असता का? लहान मुलांपैकी बहुतेकांचं म्हणणं पडलं की नसता पडला, चोरी केली म्हणूनच पूल मोडला. वय वाढत जातं तसं हे उत्तर कमी होत जातं. म्हणजे ‘वाईट वागलं की निसर्गच शिक्षा करतो’ ही समजूत पाच-सहा वर्षांच्या मुलाकडे आधीपासूनच असते आणि सिनेमातला कडा तिच्यावर शिक्कामोर्तब करतो. न्यायासाठी पुरावा लागतो, दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं, झालेलं नुकसान कुणीतरी भरून द्यावं लागतं. कडा तुटला की या सगळ्याची गरजच संपते. मुलांशी बोलायचं ते नेमकं इथे.

पहिली पायरी: आधी स्वतः बघा, निदान शेवटची २५ मिनिटं

पूर्ण सिनेमा आधी बघता आला तर उत्तम. नाहीच जमलं तर शेवटची २५ मिनिटं दोनदा बघा, कारण सूड घ्यायचा की सोडायचा हा निर्णय बहुधा तिथेच होतो. एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन नोंदी करा, प्रत्येकीपुढे सिनेमातली वेळ मिनिट-सेकंदासह:

१. हात थांबतो तो क्षण. सूड अगदी हाताशी आलेला असतो आणि पात्र थांबतं, किंवा थांबत नाही.
२. खलनायकाचा शेवट. कुणामुळे होतो? नायकामुळे, त्याच्याच साथीदारांमुळे, अपघाताने की कायद्याने?
३. नंतरची दुरुस्ती. ज्यांचं नुकसान झालं त्यांना काय परत मिळालं?

तिसरी नोंद बऱ्याचदा कोरी राहते. राहू द्या. ती कोरी जागाच पुढे बोलायला सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

आणखी एक बघा: ‘न्याय’ हा शब्द कुणाच्या तोंडी आहे? अनेक सिनेमांत खलनायकच स्वतःच्या सुडाला न्याय म्हणतो. डब केलेली आवृत्ती लावणार असाल तर मूल ऐकणार आहे त्याच भाषेत तपासा, कारण भाषांतरात ‘सूड’, ‘शिक्षा’ आणि ‘न्याय’ एकमेकांच्या जागी सहज जाऊन बसतात.

वयानुसार सिनेमा निवडणं

चार ते सहा वर्षांचं मूल गुन्हा मोजतं तो नुकसानीवरून. पियाजेंचंच दुसरं उदाहरण प्रसिद्ध आहे: एका मुलाने दार उघडताना नकळत १५ कप फोडले, दुसऱ्याने चोरून मुरंबा काढताना एकच फोडला; जास्त दोषी कोण? लहानांना १५वाला दोषी वाटतो. त्यामुळे या वयात सूड हा विषय सरळ घेऊ नका. ‘चुकून’ आणि ‘मुद्दाम’ एवढा फरक पुरे, आणि त्यासाठी पूर्ण सिनेमाही लागत नाही, पाच मिनिटांचा प्रसंग भागतो.

सात ते नऊ हे फिट्टंफाटीचं वय. ‘त्याने मला एक मारली, मी त्याला एक मारली, फिट्टंफाट’ हे या वयातल्या मुलांना खरोखर न्याय्य वाटतं. त्यात दुष्टपणा नाही, समान वाटणीची जाण नुकतीच पक्की होत असते. ‘द लायन किंग’ (१९९४) आणि ‘टॉय स्टोरी ३’ (२०१०) या वयाला चालतात. मात्र पहिल्यात वडिलांचा मृत्यू पडद्यावर दिसतो आणि दुसऱ्यात भट्टीचा प्रसंग भीतिदायक आहे, हे आधी लक्षात घ्या. घरात नुकताच कुणाचा मृत्यू झाला असेल तर ‘द लायन किंग’ पुढे ढकला.

दहाच्या पुढे हेतू, परिस्थिती, पिढ्यांचं वैर असं सगळं बोलता येतं. तिथे ‘बिग हीरो ६’ (२०१४), ‘झूटोपिया’ (२०१६) आणि ‘फ्रोजन २’ (२०१९) जास्त कामाचे.

बघताना

आधी एकच वाक्य सांगा: ‘कुणाला कुणाचा राग येतो आणि तो त्या रागाचं काय करतो, तेवढं बघ.’ बोध, शिकवण, तात्पर्य यांतलं काहीही नको. आधीच तात्पर्य सांगितलं की मूल सिनेमा बघायचं सोडून तुम्हाला हवं असलेलं उत्तर शोधत बसतं.

मधे थांबवू नका. मूल घाबरलं किंवा त्याने स्वतः विचारलं तरच थांबवा. सिनेमा झोपायच्या वेळेच्या निदान ४५ मिनिटं आधी संपेल असा लावा, नाहीतर भट्टी आणि कडे झोपेत येतात. संपल्यावर लगेच प्रश्नांची सरबत्ती करू नका. ‘कुठली जागा आवडली?’ एवढंच विचारा आणि सोडून द्या. शेवटच्या मारामारीनंतर मूल उसळलेलं असतं, त्या वेळी ‘मस्त मेला!’ यापलीकडे काही निघत नाही. खरं बोलणं दुसऱ्या दिवशी करा, १५ ते २० मिनिटं. आठवडा गेला तर तपशील विरतात आणि मूल ऐकीव शिकवणी म्हणून दाखवतं.

एक प्रसंग जवळून: सिंबा आणि स्कार

‘द लायन किंग’चा शेवट पुन्हा लावा. राजपुत्र सिंह सिंबा कड्याला लटकलेला आहे. त्याचा काका स्कार त्याच्या कानात खरं सांगतो: तुझ्या बापाला मी मारलं. सिंबा उसळून वर येतो, स्कारला खाली दाबतो आणि सगळ्यांसमोर त्याच्या तोंडून कबुली वदवून घेतो. इथे पहिल्यांदा थांबवा. आतापर्यंत सिंबा स्वतःलाच खुनी समजत आला होता. त्याला या घडीला सगळ्यात जास्त काय मिळालं? बहुतेक मुलं म्हणतील, ‘जिंकला’. जरा वाट बघा. कुणीतरी म्हणेल, ‘सगळ्यांना कळलं की त्याने नाही मारलं.’ न्यायाचा हा भाग सुडात कधीच नसतो. खरं काय झालं ते चारचौघांत उघड होणं, तेही स्कार जिवंत असताना.

पुढे जा. जीव वाचवण्यासाठी स्कार सगळा दोष तरसांवर ढकलतो आणि तरसं ते ऐकतात. सिंबा त्याला मारत नाही. लहानपणी स्कारने त्याला ज्या शब्दांत हाकललं होतं, त्याच शब्दांत तो त्याला निघून जायला सांगतो. स्कार जळते निखारे त्याच्या डोळ्यांत उडवतो, झुंज होते, स्कार कड्यावरून खाली जातो. पडूनही तो जिवंत असतो. त्याचा शेवट तरसं करतात.

आता विचारा: ‘स्कारला कुणी मारलं?’ सिंबाने, तरसांनी, आगीने, त्याने स्वतःच. सगळी उत्तरं कागदावर लिहा, एकही खोडू नका. मग मुख्य प्रश्न: ‘तो पडला नसता तर?’ समजा स्कार खरंच निघून गेला असता. सिंबाने त्याला कुठे जाऊ दिलं असतं? तो पुन्हा आला असता तर? सिंहिणींनी उपासमार सोसली, त्यांना कोण काय देणार? तरसांचं काय, ती तर स्कारच्या सांगण्यावरून वागत होती? सिनेमात पाऊस पडतो आणि कुरणं हिरवी होतात, म्हणजे दुरुस्तीही निसर्गच करून टाकतो. हे मुलांच्या लक्षात आणून द्या, पण सिनेमाला नावं ठेवत नको. मुलाचा आवडता सिनेमा मोडीत काढला की ते बोलायचंच बंद होतं.

दुसरा प्रसंग: बेमॅक्सची चिप

‘बिग हीरो ६’ हा प्रश्न जास्त प्रामाणिकपणे हाताळतो. भाऊ गेला त्याला प्राध्यापक कॅलॅहन जबाबदार आहे, हे कळताच हीरो नावाचा मुलगा बेमॅक्स या रोबोच्या छातीतली आरोग्यसेवेची चिप उपटून काढतो. मागे उरते फक्त लढाईची चिप. बेमॅक्सचे डोळे लाल होतात आणि अडवायला आलेल्या मित्रांनाही तो बाजूला फेकतो. सूड माणसाचं काय करतो हे सांगायला याहून साधं चित्र सापडणं कठीण: हीरो एकच भाग काढतो, आणि तो सांभाळ करणारा भाग असतो. मुलाला विचारा, ‘त्याने काय काढलं? काय राहिलं?’ बाकी बोलायची गरज पडत नाही.

पुढे हीरो पुन्हा चिप काढायला जातो तेव्हा बेमॅक्स ती खाच उघडतच नाही. तो उपदेशही करत नाही. कॅलॅहनला संपवल्यावर तुला बरं वाटेल का, असं विचारतो, आणि मग बेमॅक्सला घडवणाऱ्या भावाच्या जुन्या चित्रफिती दाखवतो; त्यात बेमॅक्सच्या चाचण्यांवर चाचण्या फसतात आणि ८४वी जमते. हीरोचा राग खोटा होता असं कुणी म्हणत नाही. रागाखाली दुःख होतं, ते बाहेर येतं. रागावलेल्या मुलाशी वागताना हाच क्रम उपयोगी आहे: आधी दुःख, मग कृती.

दहाच्या पुढच्या मुलांसाठी याच सिनेमात अवघड प्रश्न आहे. कॅलॅहनही सूडच घेतोय. उद्योजक क्रेईच्या प्रयोगात त्याची मुलगी हरवली आणि धोक्याची सूचना मिळूनही क्रेईने प्रयोग थांबवला नव्हता. शेवटी कॅलॅहनला अटक होते. क्रेईचं काय? त्याला कुणी जाब विचारत नाही. ‘सूड घेणारा चुकला म्हणजे त्याची तक्रारही चुकीची होती का?’ हा प्रश्न विचारा आणि मुलांना भांडू द्या. दोन्ही बाजूंना खरं सापडतं.

पाच चिठ्ठ्यांचा खेळ

कागदाच्या पाच चिठ्ठ्या करा: सूड, शिक्षा, भरपाई, माफी, सोडून देणं. प्रत्येकीचा अर्थ एका ओळीत ठरवून घ्या. सूड म्हणजे त्याला दुखावं ही इच्छा. शिक्षा म्हणजे ज्याला तो अधिकार आहे त्याने, ठरलेल्या मापात दिलेली. भरपाई म्हणजे मोडलेलं नीट करणं. माफी म्हणजे मनातला डूख सोडणं. सोडून देणं म्हणजे तिथून निघून जाणं, माफ न करताही.

मग प्रसंग सांगा आणि चिठ्ठी टाकायला लावा. ‘टॉय स्टोरी ३’मध्ये वूडी आणि बझ ही खेळणी दुष्ट अस्वल-खेळण्याला, लॉट्सोला, वाचवतात, तोच लॉट्सो यंत्र थांबवायचं बटण न दाबता त्यांना भट्टीच्या वाटेवर सोडून पळतो. सुटका झाल्यावर खेळण्यांना त्याचा सूड घ्यायचा असतो, वूडी म्हणतो जाऊ द्या. ही माफी की सोडून देणं? यावर मुलांचे हमखास दोन तट पडतात. आणि लगेच पुढच्या प्रसंगात कचरागाडीवाला लॉट्सोला गाडीच्या तोंडाशी बांधतो, त्यावर सगळे खदखदून हसतात. हसण्यावरून रागावू नका. एवढंच विचारा, ‘वूडीने सोडलं, मग सिनेमाने का नाही सोडलं?’

‘फ्रोजन २’साठी भरपाईची चिठ्ठी राखून ठेवा. अ‍ॅना आणि एल्सा या बहिणींच्या आजोबांनी शेजारच्या जमातीला मैत्रीची भेट म्हणून बांधून दिलेलं धरण मुळात फसवणूक होती, हे कळल्यावर अ‍ॅना ते पाडायला लावते, आपलं शहर बुडेल हे माहीत असूनही. चूक तिची नाही, तरी दुरुस्ती ती करते. सिनेमाचा शेवट इथे जरा हात आखडता घेतो, कारण एल्सा लाट अडवते आणि शहराला किंमत मोजावीच लागत नाही. विचारा: शहर खरंच बुडालं असतं तर अ‍ॅनाचा निर्णय बरोबर ठरला असता का?

वर्गात घ्यायचं असेल तर

चाळीस मिनिटांचा तास धरा. आठ मिनिटांचा प्रसंग दाखवा आणि खलनायक पडायच्या तीन सेकंद आधी थांबवा. पाच-पाच जणांचे गट करा, प्रत्येक गटात आरोपी, ज्याचं नुकसान झालं तो, साक्षीदार, आणि निर्णय देणारे दोघे. बारा मिनिटं तयारी, पंधरा मिनिटं सुनावणी, शेवटची पाच मिनिटं प्रत्येकाने एक वाक्य लिहायचं.

तीन नियम फळ्यावर लिहा: आरोपीला पूर्ण बोलू द्यायचं, जे पाहिलं तेच साक्षीदाराने सांगायचं, निर्णयात नुकसान झालेल्याला काय मिळालं ते सांगायचंच. तिसरा नियम नसेल तर सगळे गट फाशीवर येऊन थांबतात. वर्गात ज्याला चिडवलं जातं अशा मुलाला आरोपी करू नका, आणि जो दांडगाई करतो त्यालाही करू नका. वर्ग लगेच सिनेमा विसरून त्याच्यावरच खटला चालवतो. साक्षीदारांना पुराव्याचं महत्त्व पटवायला ‘झूटोपिया’ चांगला: खलनायिका बेलवेदर बाईंचा कट उघड होतो तो त्यांना मारून नव्हे, गाजराच्या आकाराच्या पेनात त्यांचंच बोलणं टिपून.

काय बिघडतं आणि का

सगळ्यात घातक चूक अशी. शाळेत कुणाचा मार खाणारं मूल ‘सूड वाईट असतो’ हे वाक्य ‘गप्प सहन कर’ असं ऐकतं. म्हणून पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा: स्वतःला वाचवणं म्हणजे सूड नाही, मोठ्यांना सांगणं म्हणजे चहाडी नाही. फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो, ‘तुला काय हवंय, त्याला दुखावं की ते थांबावं?’ थांबावं असं असेल तर ती तक्रार आहे, आणि तक्रार ऐकून घेणं, तिचा पाठपुरावा करणं हे मोठ्यांचं काम. मूल सूड, मार, कुणाला संपवणं याबद्दल पुन्हा पुन्हा आणि सिनेमाशी संबंध नसताना बोलू लागलं तर प्रश्नांचा खेळ बंद करा. कुणी त्रास देतंय का ते शांतपणे विचारा, शाळेशी बोला, गरज वाटली तर समुपदेशकाची मदत घ्या.

दुसरी चूक, जबरदस्तीची माफी. ‘म्हण सॉरी, मिळव हात’ म्हटलं की मूल हात मिळवतं आणि डूख मनात तसाच राहतो. त्यापेक्षा माफी मागायला शिकवा, द्यायची सक्ती करू नका. ‘झूटोपिया’त पोलीस असलेली ससा जूडी आपल्या दुखावलेल्या कोल्हा मित्राकडे, निककडे, जाऊन माफी मागते तो प्रसंग नमुना म्हणून वापरता येतो. ती आपली चूक नाव घेऊन सांगते, सबब देत नाही. मुलांसाठी चार वाक्यं करा: मी काय केलं, त्याने तुला काय झालं, मी काय नीट करणार, पुढच्या वेळी काय करणार. त्यात ‘पण’ आला की पहिल्यापासून सुरुवात.

तिसरी, भांडण पेटलेलं असताना सिनेमाची आठवण काढणं. ‘तू अगदी स्कारसारखा वागतोस’ हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की तो सिनेमा मुलासाठी कायमचा शिक्षा होतो. दोघं शांत झाल्यावरही तुलना करायचीच असेल तर मुलाने स्वतः करावी.

चेहऱ्यांबद्दलही एक शब्द बोला. खलनायकाला व्रण, लंगडा पाय, वेगळा आवाज देण्याची सवय जुनी आहे. ‘हा वाईट आहे हे तुला पहिल्यांदा कशावरून कळलं?’ असं विचारलं की मूल स्वतःच चपापतं.

मूल शेवटी ‘त्याला मारायलाच हवं होतं’ या मतावर ठाम राहिलं तर घाबरू नका आणि वादही घालू नका. त्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, खाली तारीख आणि वय टाका, पाकिटात ठेवा. वर्षभराने तोच सिनेमा पुन्हा लावा आणि त्याच जागी थांबवा: कड्याची कड, खाली आग, समोर स्कार. कोरा कागद द्या आणि तोच प्रश्न विचारा, पडला नसता तर? जुना कागद त्याने नवीन लिहून झाल्यावरच काढा.